आशयसूत्र, पुनरुक्ती आणि संमती : चाहत्यांच्या शृंगारलेखनाविषयी काही प्रश्न

१

दूरचित्रवाणीवरील मालिका, चित्रपट किंवा कादंबरी ह्यांतील पात्रे आणि त्यांचे विश्व आधाराला घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना 'फॅन फिक्शन' असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'चाहताकथा' हा शब्द वापरला आहे. ह्या लेखनव्यवहाराचा एकच विशिष्ट प्रकार येथे विचारासाठी घ्यावयाचा आहे. चाहत्यांचा एखादा समुदाय ठरावीक मुदतीसाठी एक आशयसूत्र, किंवा आशयसूत्रांची एक यादी, जाहीर करतो आणि त्या सूत्राला धरून प्रौढ वाचकांसाठी, म्हणजे उघडपणे लैंगिक आशय असलेल्या, कथा लिहिण्याचे आवाहन करतो. मुदत, किमान शब्दसंख्या, वयाची अट आणि कथेच्या आरंभी द्यावयाच्या सूचना आधीच निश्चित असतात. ऑक्टोबर महिन्याच्या ३१ दिवसांसाठी ३१ सूत्रे देणारा 'किंक्टोबर' हा उपक्रम आज ह्या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण आहे. जेक पार्कर ह्या चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलेल्या, रोज एक शाईचित्र काढण्याच्या 'इंक्टोबर' ह्या उपक्रमावरून त्याचे नाव पडले. त्यातील 'किंक' ह्या शब्दाने रूढ चौकटीबाहेरची लैंगिक आवड सूचित होते.

अशा लेखनाकडे गंभीर समीक्षेने पाठ फिरवावी ह्याला दोन कारणे सहज देता येतात. एक, हे लेखन परोपजीवी आहे : पात्रे दुसऱ्याची, विश्व दुसऱ्याचे आणि आता आशयसूत्रही दुसऱ्याने दिलेले. दोन, ते कामोद्दीपक आहे आणि तसे असल्याचे ते लपवीत नाही. पहिल्या आक्षेपाने त्याची वाङ्मयीनता नाकारली जाते, तर दुसऱ्याने त्याची प्रतिष्ठा. परंतु हे दोन्ही आक्षेप ज्या गृहीतांवर उभे आहेत त्यांचीच परीक्षा हे लेखन घेत असते, असे मला वाटते. एकमेव, स्वयंपूर्ण, एका कर्त्याच्या प्रतिभेतून सिद्ध झालेली कलाकृती हेच समीक्षेचे एकक मानले, तर ह्या लेखनाविषयी बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही. तेव्हा प्रश्न ह्या कथांना साहित्य म्हणावे की नाही एवढाच नाही. आपले एकक पुरेसे आहे काय, असाही तो आहे. त्याचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेतून मिळणार नाही. त्यासाठी एका आशयसूत्राचा इतिहास तपासून पाहावा लागेल.

२

अमेरिकेतील 'स्टार ट्रेक' ह्या दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग, 'अमोक टाइम', १५ सप्टेंबर १९६७ रोजी प्रसारित झाला. विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन ह्यांनी तो लिहिला होता. स्पॉक हा ह्या मालिकेतील अर्धा मानव आणि अर्धा व्हल्कन असलेला अधिकारी. व्हल्कन समाज तर्कनिष्ठ आणि भावनांवर कठोर नियंत्रण ठेवणारा आहे. परंतु ह्याच समाजात 'पॉन फार' नावाची एक आवर्ती अवस्था असते, आणि त्या काळात जोडीदाराशी मीलन झाले नाही तर मृत्यू ओढवतो. स्पॉकच्या वाट्याला ही अवस्था येते. कप्तान किर्क वरिष्ठांचा हुकूम मोडून त्याला त्याच्या ग्रहावर नेतो. तेथे नियोजित वधू द्वंद्वाची मागणी करते आणि आपल्या बाजूने लढण्यासाठी किर्कचीच निवड करते. आपल्या हातून मित्र मारला गेला असे स्पॉकला वाटते आणि त्या क्षणी त्याचा ज्वर ओसरतो. पुढे किर्क जिवंत असल्याचे दिसताच त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद त्या काळच्या प्रेक्षकांच्या मनात कायमचा कोरला गेला.

ह्या संहितेची रचना बारकाईने पाहिली तर तिच्यात एक रिकामी जागा आढळते. मीलन किंवा मृत्यू असा नियम कथानक स्वतःच घालून देते आणि मीलनाशिवाय, मित्राशी झालेल्या द्वंद्वातून, त्या नियमाचा निरास करते. असे का झाले ह्याचे कथेत दिलेले स्पष्टीकरण त्रोटक आहे. वोल्फगांग इझर ह्यांच्या परिभाषेत ज्याला संहितेतील रिक्त स्थान म्हणावे ते येथे अगदी उघडे आहे. काही वाचकांनी, आणि त्यांत प्रामुख्याने स्त्रियांनी, ते भरून काढावयास घेतले.

मालिकेच्या चाहत्यांची हस्तमुद्रित नियतकालिके १९६७ पासूनच निघू लागली होती. 'स्पॉकॅनेलिया' हे त्यांतील आद्य मानले जाते. पुढे 'ग्रुप' हे प्रौढांसाठीचे नियतकालिक निघाले. त्याचे नावच सूचक आहे : मालिकेच्या 'मिरी' ह्या भागातील मुले मोठ्या माणसांना 'ग्रुप' म्हणतात. ह्याच नियतकालिकात १९७४ मध्ये 'अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम' ही अगदी लहानशी कथा आली. किर्क आणि स्पॉक ह्यांच्यातील शरीरसंबंध सूचित करणारी ही पहिली प्रकाशित कथा समजली जाते, आणि तिच्यात पात्रांची नावे घेतलेली नाहीत. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ देऊन ही जोडी दर्शविण्याच्या पद्धतीवरून पुढे 'स्लॅश' ही संज्ञा रूढ झाली. पॉन फारने त्या लेखनाला एक सिद्ध आशयसूत्र पुरविले. निर्जन ग्रह, दोघेच मित्र, एकाला आलेला ज्वर, मृत्यूची भीती आणि दुसऱ्याने घ्यावयाचा निर्णय ह्या पाच घटकांवर अक्षरशः असंख्य कथा लिहिल्या गेल्या, आणि अर्धशतक उलटल्यानंतर आजही लिहिल्या जातात.

३

एकच प्रसंग इतक्या वेळा का लिहावा? कामोद्दीपक लेखन स्वभावतः पुनरावर्ती असते, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. पॉन फारच्या कथांचा वाचक घटनेच्या कुतूहलाने वाचतच नाही. शेवट त्याला ठाऊक असतो. निर्णयाचा क्षण ह्या लेखकाने कसा मांडला, हे त्याला पाहावयाचे असते. किर्कला सत्य केव्हा कळते? स्पॉक मदत मागतो की नाकारतो? ज्वर उतरल्यानंतर दोघे एकमेकांकडे कसे पाहतात? निवेदन कोणाच्या दृष्टिकोनातून होते? मूळ संहितेतील किर्क-स्पॉक संबंधाविषयीचे एकेक अर्थनिर्णयन अशा प्रत्येक कथेत दडलेले असते. ह्या अर्थाने चाहताकथा ही कथेच्या रूपातील समीक्षा ठरते, आणि आशयसूत्र हे त्या समीक्षेने सर्वांसमोर ठेवलेले समान प्रश्नपत्रक.

आशयसूत्र देऊन लेखन मागविणाऱ्या उपक्रमात हीच गोष्ट जाणीवपूर्वक घडविली जाते. आपल्याकडील समस्यापूर्तीची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. दिलेला चरण सर्वांना सारखाच. कवीचे कसब त्याच्याकडे नेणारी वाट शोधण्यात. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. समस्यापूर्तीत कवी परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात, परीक्षक असतो आणि उत्तम पूर्तीने इतर पूर्ती मागे पडतात. चाहत्यांच्या उपक्रमात सहसा निर्णय नसतो, क्रमांक नसतो. एकीचे उत्तर दुसरीच्या उत्तराला रद्द करीत नाही. उलट, शंभर कथा वाचलेल्या वाचकालाच एकशेएकाव्या कथेतील सूक्ष्म विचलन जाणवते. म्हणजे येथे आस्वादाचे एकक सुटी कथा नसून मालिका आहे. सुटी कथा हे त्या मालिकेतील एक उच्चारण. जॅक देरिदा ह्यांच्या १९९५ मधील अभिलेखागारविषयक विवेचनाचा आधार घेऊन अबिगेल डेरेचो ह्यांनी २००६ मध्ये ह्या लेखनाला 'आर्काँटिक' म्हणजे अभिलेखधर्मी साहित्य म्हटले, ते ह्याच कारणाने. अभिलेखागार कधीच बंद होत नाही आणि प्रत्येक नवी भर आधीच्या नोंदींचा अर्थ किंचित बदलते. 'परोपजीवी' ह्या शब्दातील अवहेलनेऐवजी अशी वर्णनपर संज्ञा वापरली की पहिल्या आक्षेपाची धार पुष्कळशी बोथट होते.

४

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील एक जुना वाद उपयोगी पडेल असे वाटते. परंपरेने दिलेल्या, सर्वांना आदरणीय असलेल्या पात्रांचा संभोगशृंगार कवीने वर्णावा काय? 'कुमारसंभवा'च्या आठव्या सर्गात कालिदासाने शिव-पार्वतीचा शृंगार वर्णिला. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात हे अनौचित्य असल्याचे मान्य केले. मात्र महाकवीच्या शक्तीमुळे तो दोष झाकला जातो आणि ग्राम्य वाटत नाही, असा निर्वाळाही दिला. मम्मटाने अधिक कडक भूमिका घेतली. त्याला हे वर्णन स्वतःच्या आईवडिलांच्या संभोगाचे वर्णन करण्याइतके अनुचित वाटले.

ह्या वादातील दोन मुद्दे आपल्या विषयाला थेट भिडतात. पहिला असा की, औचित्याचा निकष पात्राच्या प्रकृतीला बांधलेला आहे. शृंगार म्हणून शृंगार अनुचित नसतो. ह्या पात्राच्या बाबतीत, ह्या रीतीने, तो उचित की अनुचित हा प्रश्न असतो. चाहत्यांच्या समुदायात 'पात्राच्या स्वभावाबाहेरचे' हा जो सर्वांत मोठा दोष मानला जातो, तो हाच. ज्वराने ग्रासलेला स्पॉक जर स्पॉकसारखा बोलत नसेल, त्याचा संयम मोडताना संयमच दिसत नसेल, तर लैंगिक वर्णन कितीही परिणामकारक असले तरी कथा फसली असे जाणता वाचक म्हणतो. ह्याचा अर्थ, हे लेखन कामोद्दीपनापाशी थांबते ही समजूत त्याच्या स्वतःच्या मूल्यव्यवस्थेशीच विसंगत आहे. ज्याला केवळ उद्दीपन हवे त्याला स्पॉकची गरज नाही. स्पॉकच हवा असा हट्ट जेथे आहे, तेथे शरीर हे व्यक्तिरेखा वाचण्याचे साधन झालेले असते.

दुसरा मुद्दा परंपरागत कथावस्तूविषयीचा. रसाला प्रतिकूल असलेला इतिवृत्ताचा भाग कवीने टाकून द्यावा आणि रसाला अनुकूल अशी नवी कथा कल्पावी, असे आनंदवर्धनाने सुचविले आहे. केवळ इतिवृत्त सांगणे हे कवीचे काम नव्हे, अशी त्याची भूमिका आहे. दत्त कथेत बदल करण्याचा अधिकार येथे शास्त्रानेच मान्य केला आहे. मात्र हा अधिकार महाकवीला आहे आणि औचित्याचा निर्णय सहृदयाने करावयाचा आहे. चाहत्यांच्या उपक्रमात महाकवी आणि सहृदय ह्यांच्यातील हे अंतर मिटते : जी लिहिते तीच वाचते, आज सूत्र देणारी उद्या त्यावर लिहिते. शक्तीने दोष झाकला जाण्याची सोय येथे फारशी नाही. म्हणून औचित्याचा भार एका प्रतिभेवरून काढून समुदायाच्या संकेतांवर टाकावा लागतो. ते संकेत कोणते, हा ह्यापुढील प्रश्न.

५

ह्या लेखनाची सैद्धांतिक चर्चा अमेरिकेत १९८५ च्या सुमारास सुरू झाली. कादंबरीकार आणि स्त्रीवादी समीक्षक जोआना रस ह्यांनी १९८५ मध्ये किर्क-स्पॉक कथांना स्त्रियांनी स्त्रियांसाठी, प्रेमाने लिहिलेले पोर्नोग्राफिक लेखन म्हटले आणि हा शब्द लाजेने टाळण्याचे कारण नाही असे बजावले. त्याच सुमारास पॅट्रिशिया लॅम्ब आणि डायना वीथ ह्यांनी ह्या कथांत समान दर्जाच्या दोन व्यक्तींमधील प्रेमाची कल्पना शोधली : दोन्ही नायकांत पुरुषी आणि बायकी मानल्या गेलेल्या गुणांची सरमिसळ असल्यामुळे स्त्री-पुरुष नात्यात जन्मतः येणारी विषमता तेथे गैरहजर राहते. हेन्री जेंकिन्स ह्यांच्या १९९२ मधील 'टेक्स्च्युअल पोचर्स' ह्या ग्रंथाने मिशेल द सर्तो ह्यांची वाचनाविषयीची कल्पना ह्या समुदायाला लावली. वाचक दुसऱ्याच्या रानात शिरून हवे ते उचलून आणतो. तो निष्क्रिय ग्राहक नसतो.

ह्या तिन्ही भूमिका मोलाच्या आहेत, पण पॉन फारचे आशयसूत्र त्यांना अडचणीत आणते. ज्याला नकार दिला असता मृत्यूच येतो अशा मीलनात संमती कोठे असते? ज्वरग्रस्ताची इच्छा ही त्याची इच्छा म्हणावी काय? मित्राचा जीव वाचविण्यासाठी दिलेला होकार हा होकार ठरतो काय? समतेचे स्वप्न म्हणून ज्या जोडीकडे पाहिले जाते, तिचे सर्वांत लोकप्रिय आशयसूत्र स्वेच्छाच काढून घेणारे असावे, ही विसंगती उत्सवी सिद्धांतनाने पुरेशी लक्षात घेतलेली नाही. अलीकडे मिलेना पोपोव्हा ह्यांनी 'डबकॉन' (२०२१) ह्या ग्रंथात ह्याच संशयास्पद संमतीच्या लेखनाचा अभ्यास केला. समाजात 'होकार' ह्या शब्दामागे किती सक्ती दडलेली असते, ह्याचा विचार अशा कथांतून वाचक-लेखक करीत असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आशयसूत्रांच्या उपक्रमांकडे ह्या दृष्टीने पाहिले तर ती एक प्रकारची प्रयोगशाळा ठरते. तोच सक्तीचा प्रसंग एक लेखिका प्रणय म्हणून लिहिते, दुसरी आघात म्हणून, तिसरी ज्वरापूर्वीच दोघांत झालेले बोलणे लिहिते आणि सक्तीचा पायाच काढून टाकते. ह्या तीन कथा शेजारी ठेवल्याशिवाय त्यांतील वाद ऐकू येत नाही.

कथेआधीच्या सूचनांचे महत्त्व येथे लक्षात येते. १९७० च्या दशकात प्रौढांचे नियतकालिक मागविणाऱ्याला वयाचे लेखी निवेदन द्यावे लागे. त्या एका अटीचा आज तपशीलवार निर्देशपद्धतीत विस्तार झाला आहे. चाहत्यांनी स्वतः उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ह्या संग्रहात (व्हर्जिनिया वुल्फ ह्यांच्या १९२९ च्या ग्रंथनामाचा प्रतिध्वनी ह्या नावात आहे) तीव्र हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचा लैंगिक संदर्भ ह्यांविषयी लेखकाने आधीच सूचना द्यावी, अथवा सूचना देणार नाही असे तरी स्पष्ट सांगावे, असा नियम आहे. झेरार झनेत ह्यांनी १९८७ मध्ये ज्यांना संहितेचे उंबरठे म्हटले, त्यांत ह्या सूचनांची गणना करावी लागेल. पात्रांच्या संमतीविषयी अनिश्चित असलेली कथा वाचकाच्या संमतीविषयी मात्र काटेकोर राहते. विस्मयाचा बळी देऊन मिळविलेला हा करार आहे.

मराठीतील अश्लीलताचर्चेशी हे ताडून पाहिले तर फरक ठळक होतो. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर ह्यांच्या 'श्यामा' ह्या कादंबरीवर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. तेव्हा आणि नंतरही आपली चर्चा लेखक, न्यायालय आणि बिघडू शकणारा एक अमूर्त वाचक ह्या त्रिकोणात फिरत राहिली. त्या वाचकाच्या वतीने नेहमी दुसराच कोणीतरी बोले. चाहत्यांच्या व्यवहारात वाचक स्वतःच निर्णय घेतो, आणि तो घेण्यासाठी लागणारी माहिती पुरविणे ही लेखकाची जबाबदारी मानली जाते. हा नैतिकतेचा अभाव नव्हे. नैतिकतेचे स्थान येथे बदलले आहे. बाहेरच्या सत्तेला मात्र ते दिसत नाही. 'स्टार वॉर्स'च्या निर्मात्यांनी १९८१ मध्ये प्रौढ कथा छापणाऱ्या नियतकालिकांना दिलेल्या ताकिदी आणि चाहताकथांच्या एका मोठ्या संग्रहाने २००२ मध्ये प्रौढ कथांवर घातलेली बंदी ही त्याची उदाहरणे. स्वतःच्या मालकीच्या संग्रहाची कल्पना २००७ नंतर साकार झाली ती ह्या अनुभवांतूनच. २०१९ मध्ये त्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

६

तथापि ह्या लेखनाची केवळ भलावण करून भागणार नाही. आशयसूत्राच्या यादीचा एक अंगभूत धोका आहे. पॉन फार हे सूत्र एका संहितेच्या पोटातून आले होते. त्याला विशिष्ट पात्रे, विशिष्ट समाज आणि विशिष्ट भय होते. महिन्याच्या प्रत्येक दिवसासाठी तयार केलेली यादी कोणत्याही पात्रांना लागू पडावी अशी रचलेली असते. सूत्र जितके सर्वसाधारण, तितका पात्राच्या प्रकृतीशी त्याचा संबंध सैल. मग औचित्याचा निकष मागे पडतो आणि यादी पुरी करणे हेच साध्य होते. मालिका हे आस्वादाचे एकक मानले, तरी मालिकेतील प्रत्येक उच्चारणाने काही वेगळे सांगितले पाहिजे. तसे झाले नाही तर उरते ती निव्वळ पुनरुक्ती.

दुसरा धोका पात्रांच्या निवडीत आहे. इच्छेचा विषय कोणाला करावयाचे ह्याविषयीचे समुदायाचे संकेत मुक्त आणि निष्पक्ष असतात, ही समजूत टिकणारी नाही. रुक्मिणी पांडे ह्यांनी 'स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स' (२०१८) ह्या ग्रंथात चाहतेसमुदायांतील वंशभेदाचा प्रश्न उभा केला आणि गौरेतर पात्रे व गौरेतर चाहते ह्या मुक्तीच्या आख्यानात कोठे बसतात, असे विचारले. आशयसूत्र सर्वांना समान असले तरी त्यावर लिहिण्यायोग्य मानली गेलेली शरीरे समान नसतात. औचित्याच्या जुन्या विचारात उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींची उतरंड होती. नव्या समुदायाने तीच उतरंड वेगळ्या पायावर पुन्हा रचली तर त्याला समीक्षेने हटकलेच पाहिजे.

तिसरा प्रश्न बाजाराचा. 'ट्वायलाइट' ह्या कादंबरीमालेवरील एक चाहताकथा पात्रांची नावे बदलून 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' म्हणून २०११ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तिचा प्रचंड खप झाला. नावे बदलल्याने स्वामित्वहक्काची अडचण दूर झाली. पण वाचनाची एक संपूर्ण मिती त्याबरोबर नाहीशी झाली. मूळ वाचक ज्या पात्रांशी ताडून पाहत होते ती पात्रे गेली, ज्या इतर कथांच्या शेजारी ती कथा उभी होती तो शेजार गेला. पुस्तकाच्या शैलीवर नंतर कठोर टीका झाली. त्या टीकेतील काही भाग रास्त असेलही, परंतु मालिकेतून उपटलेल्या उच्चारणाला स्वयंपूर्ण कलाकृतीचे माप लावले गेले हेही खरे. परोपजीवी म्हणून हिणविलेल्या लेखनाला 'स्वतंत्र' केल्यावर ते अधिक दुबळे का झाले, ह्याचे उत्तर ह्या मापात मिळत नाही.

७

अशा रीतीने, आरंभी नोंदविलेल्या दोन्ही आक्षेपांचा रोख बदलतो. परावलंबन हा ह्या लेखनाचा दोष नसून त्याची पद्धती आहे. तिचे यश आधारसंहितेच्या वाचनातील सूक्ष्मतेवर मोजावे लागते. कामुकता ही येथे व्यक्तिरेखेच्या औचित्याची आणि संमतीच्या अर्थाची कसोटी होऊ शकते; ती तशी होते की नाही, हे मात्र प्रत्येक वेळी पाहावे लागते. त्यासाठी समीक्षकाला एक कथा उचलून तिच्यावर निर्णय देण्याची सवय सोडून एका आशयसूत्रावरील अनेक कथा शेजारी ठेवून वाचावे लागेल. लोकगीते, ओव्या, आख्याने ह्यांच्या पाठभेदांचा अभ्यास करताना आपण हे करीत आलो आहोत. तेथे कर्ता अनाम असतो म्हणून आपल्याला संकोच वाटत नाही. येथे कर्ती जिवंत आहे, टोपणनावाने लिहिते, आणि तिच्या लेखनाचा विषय काम हा आहे. केवळ एवढ्यावरून पद्धती बदलण्याचे सैद्धांतिक कारण दिसत नाही. जो संकोच उरतो तो शास्त्राचा नाही, अभ्यासकाचा आहे. आणि त्याची किंमत एका फार मोठ्या वाचक-लेखक वर्गाच्या, ज्यात स्त्रिया बहुसंख्य आहेत, वाङ्मयीन विचाराकडे दुर्लक्ष ही आहे.